विद्यापीठ : घरालगतचे आणि दूरचे

बारावीचा निकाल लागला की मुंबईच्या उपनगरांतील मध्यमवर्गीय घरांत एका वादाला तोंड फुटते आणि पावसाळा स्थिरावेपर्यंत तो शमत नाही. मुलाने किंवा मुलीने पार्ले, घाटकोपर, मुलुंड येथील महाविद्यालयात प्रवेश घ्यावा, की पुणे, दिल्ली, मणिपाल, वेल्लोर अशा ठिकाणी जाऊन राहावे? वडील खर्चाचा हिशेब मांडतात, आई जेवणाखाण्याची काळजी करते, मामा-काका आपापल्या ओळखीतील उदाहरणे पुढे करतात. आणि ज्याच्या भवितव्याचा हा प्रश्न आहे तो विद्यार्थी मित्रांनी कोठे अर्ज भरले याची चौकशी करीत असतो. प्रश्न घरगुती खरा. परंतु हजारो घरे मिळून जो निर्णय घेतात, त्यातून महाविद्यालयांचे, शिक्षकांच्या नेमणुकांचे आणि मुलींच्या स्वातंत्र्याचेही भवितव्य ठरत असते. तेव्हा त्याचा विचार घराच्या चार भिंतींबाहेरही व्हावयास हवा.

पूर्वी ही निवड फारच थोड्यांच्या वाट्याला येत असे. दूर जायचे ते वैद्यकीच्या वा अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी, आणि तेही मुंबईत जागा मिळाली नाही म्हणून. आता परिस्थिती पालटली आहे. केंद्रीय विद्यापीठांतील पदवी अभ्यासक्रमांसाठी २०२२ पासून देशव्यापी सामायिक परीक्षा सुरू झाली आणि दिल्ली विद्यापीठाचे दार बोरिवलीच्या विद्यार्थिनीलाही पूर्वीपेक्षा अधिक सरळ मार्गाने ठोठावता येऊ लागले. महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशांत विभागवार ७० व ३० टक्क्यांची जी वाटणी होती ती २०२० मध्ये रद्द झाली. शिवाय स्वयं-अर्थसाहाय्यित खासगी विद्यापीठे राज्यात आणि राज्याबाहेर इतकी निघाली आहेत की, अंधेरी स्थानकाबाहेर उभे राहिले तरी त्यांच्या जाहिरातींचे फलक नजरेतून सुटत नाहीत. फलकावर हिरवळ असते, काचेच्या इमारती असतात, हसरी मुले असतात. शिकवणारे कोण आहेत, हे मात्र त्यावर सहसा नसते.

या वादात ‘विद्यापीठ’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली, ती लंडन विद्यापीठाच्या त्या वेळच्या नमुन्यावर. म्हणजे शिकवणारी संस्था म्हणून नव्हे, तर परीक्षा घेऊन पदव्या देणारी संस्था म्हणून. कराचीपासून धारवाडपर्यंतची महाविद्यालये पुढे याच विद्यापीठाच्या छायेखाली आली. स्वतःचे अध्यापन विभाग त्याने विसाव्या शतकात काढले. समाजशास्त्राचा विभाग १९१९ चा, रासायनिक तंत्रज्ञानाचा १९३३ चा. त्यामुळे आपल्याकडील पदवीधराचा विद्यापीठाशी येणारा संबंध परीक्षेचा अर्ज, आसनक्रमांक आणि गुणपत्रिका एवढाच राहत आला. मुलुंडमध्ये राहून तीन वर्षे शिकलेल्या आणि पदवी घेतलेल्या किती विद्यार्थ्यांनी कालिन्याच्या आवारात पाऊल टाकले असेल? ज्याला आपण घराजवळचे विद्यापीठ म्हणतो ते प्रत्यक्षात घराजवळचे महाविद्यालय असते. आणि विद्यार्थी घडतो तो तेथे, किंवा घडत नाही तोही तेथेच.

याचा एक अर्थ असा होता की, बोरिवलीहून चर्चगेटला जा की पार्ल्याला उतरा, पदवीचा कागद एकच. मोठ्या नावाच्या महाविद्यालयासाठी रोज चौतीस किलोमीटर जाणाऱ्याला मिळत असे ती संगत, ग्रंथालय, वादविवाद मंडळ आणि काही नामवंत प्राध्यापकांचा सहवास. ती काही लहान गोष्ट नव्हे. परंतु तिची किंमतही मोजून पाहावी. घरापासून वर्गापर्यंत दीड तास धरला, तर जाऊन-येऊन तीन तास होतात. वर्षाचे १८० दिवस धरले तर ५४० तास, आणि तीन वर्षांचे १,६२०. महाविद्यालयात रोज चार तास शिकवले जाते असे मानले, तर एवढ्या वेळात सव्वादोन वर्षांचे अध्यापन झाले असते. उभ्याने, घामाघूम होऊन, एका हाताने कडी धरून घालवलेले हे तास आहेत. लोकलमध्ये अभ्यास करून परीक्षा उत्तीर्ण झालेले कारकून आणि शिक्षक या शहराने पुष्कळ पाहिले आहेत, आणि हा लेख वाचणाऱ्यांतही ते असतील. त्यांच्या जिद्दीला वंदन करावे. मात्र जो नाइलाज होता त्याला शिक्षणपद्धती समजू नये.

ही पायपीट कमी करण्याचे काम उपनगरांतील महाविद्यालयांनी केले आणि त्याचे श्रेय त्यांना पुरेसे दिले गेलेले नाही. बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली ती १९२८ मध्ये. लोकवस्ती गाडीमागून आली. उच्च शिक्षण मात्र बराच काळ गिरगाव, फोर्ट, फार तर माटुंगा एवढ्यापुरतेच राहिले. जोगेश्वरीच्या टेकडीवरील इस्माईल युसुफ महाविद्यालय १९३० मध्ये निघाले, तो अपवाद. पार्ल्यात वाढलेले पु. ल. देशपांडे तेथेच शिकले, आणि पुढे पुण्याचे फर्ग्युसन व सांगलीचे विलिंग्डन असा दूरचाही प्रवास त्यांनी केला. अंधेरीला भवन्स महाविद्यालय १९४६ मध्ये आले. त्यानंतर १९५९ मध्ये पार्ले महाविद्यालय, म्हणजे आजचे साठ्ये. १९६० मध्ये डहाणूकर आणि विद्याविहारचे सोमय्या. १९६१ मध्ये मिठीबाई. १९६३ मध्ये घाटकोपरचे झुनझुनवाला. १९७० मध्ये मुलुंडचे वाणिज्य महाविद्यालय आणि १९८४ मध्ये मुलुंडचेच वझे-केळकर. पंचवीस वर्षांत उपनगरांचा शैक्षणिक नकाशा बदलला. मुलुंडचे वाणिज्य महाविद्यालय काढले ते पार्ले टिळक विद्यालयाच्या संस्थेने. पश्चिम रेल्वेवरील एका शिक्षणसंस्थेने मध्य रेल्वेवरच्या उपनगराची गरज ओळखली, ही गोष्ट आजच्या स्पर्धेच्या काळात आवर्जून सांगावीशी वाटते. विद्याविहारला तर स्थानकाचे नावच शिक्षणसंकुलावरून पडले.

या महाविद्यालयांमुळे कोण शिकले? ज्यांना चर्चगेटचा पास काढणे जड जात होते, ज्यांना सकाळचे तास संपवून दुपारी नोकरीवर जावे लागत होते, आणि ज्यांना घरून ‘स्थानकाच्या पुढे जायचे नाही’ अशी ताकीद होती त्या मुली. पहिल्या पिढीचे पदवीधर मोठ्या संख्येने जवळच्या महाविद्यालयांनी निर्माण केले. दूरच्या विद्यापीठांनी नव्हे. आपल्या शिक्षणाचा इतिहास पाहिला तर हेच सूत्र राज्यभर आढळते. मराठवाड्यातील महाविद्यालये १९५८ पर्यंत हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहत; त्या वर्षी मराठवाडा विद्यापीठ झाले. पुणे विद्यापीठ १९४९ चे, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. प्रत्येक वेळी मागणी एकच होती : आमच्या मुलांना आमच्या प्रदेशात शिकता यावे. गोव्यातील महाविद्यालयेही मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. १९८५ मध्ये गोव्याने आपले विद्यापीठ काढले. कोकण मात्र अद्याप मुंबईच्याच पदरी आहे. सावंतवाडीहून पणजी साठ-सत्तर किलोमीटरांवर आणि कालिना सुमारे पाचशे किलोमीटरांवर. तरीही तेथील महाविद्यालयाचा कारभार कालिन्याच्या तंत्राने चालतो. रत्नागिरीला उपकेंद्र आहे, पण उपकेंद्र म्हणजे विद्यापीठ नव्हे. अंधेरीकराला ‘घरालगतचे’ वाटणारे हे विद्यापीठ दोडामार्गच्या विद्यार्थ्याला किती दूरचे आहे, याचा विचार आपण उपनगरवासी क्वचितच करतो.

मग दूर जाणे हे निरर्थक मानायचे काय? तसे मुळीच नाही. महाराष्ट्राचे प्रबोधनच दूर जाऊन शिकलेल्यांनी केले. न्यायमूर्ती रानडे कोल्हापूरहून मुंबईस आले आणि १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत गणले गेले. गोखले यांनी कोल्हापूर, पुणे असे करीत मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून १८८४ मध्ये पदवी घेतली; त्याच वर्षी पदवीधर झालेले महर्षी कर्वे मुरुडचे. एका परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत सोबत्यांसह पायी गेलेला हा मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठवला गेला होता. पण या मंडळींना निवड नव्हती, हे विसरता कामा नये. जवळ काही नव्हते म्हणून ते दूर गेले. दूर गेल्यामुळे ते मोठे झाले, की ज्यांच्यात मोठे होण्याची धमक होती तेच दूर जाऊ शकले, हे सांगणे कठीण आहे. यशस्वी माणसांच्या चरित्रांवरून शिक्षणाचे ठिकाण ठरवणाऱ्या पालकांनी एवढा विवेक बाळगावा.

याबाबत सर्वांत उद्बोधक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. परळच्या चाळीत राहून ते एल्फिन्स्टनमध्ये शिकले व १९१२ मध्ये पदवीधर झाले, आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. त्या शिष्यवृत्तीवाचून कोलंबिया हे नकाशावरचे नाव राहिले असते. पुढे लंडन. त्या काळच्या कोणाही महाराष्ट्रीय विद्यार्थ्याहून ते कमी दूर गेले नाहीत. परंतु परत आल्यावर त्यांनी काय केले? १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले. ज्या मराठवाड्यात तेव्हा विद्यापीठ नव्हते, तेथील गरीब विद्यार्थ्यांना जवळ शिकता यावे म्हणून हा खटाटोप होता. कोलंबियाचा अनुभव घेतलेल्या माणसाला आपल्या समाजातील प्रत्येक मुलाला कोलंबियाला पाठवता येणार नाही, हे पुरते ठाऊक होते.

आता खर्चाकडे वळू. अनुदानित महाविद्यालयात कला वा विज्ञान शाखेचे वार्षिक शुल्क अद्याप सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आहे. दूरच्या खासगी विद्यापीठात शुल्काचे आकडे लाखांत जातात, आणि त्यावर राहणे, जेवण, प्रवास, आजारपण हे सारे येते. राज्य सरकारने २०२४ मध्ये आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे भरण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र शुल्क माफ झाल्याने खाटेची सोय होत नाही. बोरिवलीच्या मुलीला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली तर आज तिच्या वडिलांना शुल्काची धास्ती उरलेली नाही. खोलीच्या भाड्याची आहे. वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या योजना कागदावर आहेत, परंतु भत्ता हाती पडण्यापूर्वी भाडे आणि अनामत रक्कम द्यावी लागते, हे घरमालकाशी व्यवहार केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. २०२४ च्या अखेरीस केंद्राने विद्यालक्ष्मी कर्जयोजना मंजूर केली. तारणाशिवाय कर्ज, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत. ही योजना राष्ट्रीय क्रमवारीतील निवडक संस्थांपुरतीच आहे. ज्या दूरच्या विद्यापीठासाठी घर गहाण टाकायचा विचार चालला आहे त्याचे नाव या यादीत आहे काय, एवढे पाहिले तरी अनेक घरांतील वाद निम्मा संपेल.

कर्ज काढून, राज्याबाहेर जाऊन, मुलगा जर तोच वाणिज्याचा किंवा संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम शिकणार असेल, जो घाटकोपरला मिळतो, तर ती निवड शिक्षणाची नसून प्रतिष्ठेची आहे. हे स्पष्टपणे बोलले जात नाही, कारण ‘आमचा बाहेर शिकतो’ या वाक्याला सोसायटीच्या गच्चीवर अद्याप मोल आहे. याउलट, जो विषय येथे नाही त्यासाठी दूर जाण्यास कचरू नये. पुरातत्त्वशास्त्र शिकायचे असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे पाहावे लागेल. संख्याशास्त्राची खरी ओढ असेल तर कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेची परीक्षा द्यावी. चित्रपटकलेसाठी पुण्याची संस्था १९६० पासून आहे. विषय आधी ठरावा आणि गाव नंतर, असा क्रम असला पाहिजे. आपल्याकडे बहुधा गाव आधी ठरते, मग शाखा, आणि विषय शेवटी उरलेल्या जागांतून निवडला जातो.

शिवाय जवळचे सगळेच जवळ असते असे नाही. पवईच्या आयआयटीच्या प्रवेशद्वारावरून भांडुप-विक्रोळीच्या मुलांची बस रोज जाते; पण १९५८ पासून तेथे असलेल्या या संस्थेत स्थानिकांसाठी वेगळ्या जागा नाहीत, आणि असूही नयेत. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि लोकसंख्या विज्ञान संस्था, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था या साऱ्या उपनगरवासीयाच्या तासाभराच्या टप्प्यात आहेत. देशभरातील विद्यार्थी घर सोडून येथे येतात, आणि चेंबूरचा विद्यार्थी परराज्यातील खासगी विद्यापीठाचे माहितीपत्रक चाळत बसतो. दुसरीकडे, राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांना असतात. महाराष्ट्राची अशी संस्था नागपूरला. म्हणजे नियमानुसार मुलुंडच्या विद्यार्थ्याचे ‘घर’ आठशेहून अधिक किलोमीटरांवर आहे. अंतर केवळ किलोमीटरांत मोजता येत नाही, याचा हा सरकारी दाखला.

मुलींचा प्रश्न या सर्वाहून नाजूक आहे. अनेक सुशिक्षित घरांत आजही मुलासाठी ‘कोठे चांगले?’ आणि मुलीसाठी ‘कोठे जवळ?’ असे दोन निराळे प्रश्न विचारले जातात. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा जो अभ्यास केला, त्यातून असे दिसले की, रस्त्यावरच्या छेडछाडीच्या भीतीने विद्यार्थिनी अधिक सुरक्षित वाटणाऱ्या वाटेसाठी दर्जाने बऱ्याच कमी असलेले महाविद्यालयही पत्करतात. मुलगे तेवढी तडजोड करीत नाहीत. हा घरापासून रोज ये-जा करणाऱ्यांचा अभ्यास आहे. गाव सोडण्याचा प्रश्नही त्यात नाही. मुंबईची लोकल, तिचा महिलांचा डबा आणि रात्री उशिरापर्यंत वर्दळ असणारी स्थानके यांमुळे आपली अवस्था दिल्लीहून बरी आहे, असे आपण अभिमानाने सांगतो, आणि त्यात तथ्य आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचा गाजावाजा कार्यालयांत जाणाऱ्यांची सोय म्हणून झाला. पण घाटकोपरच्या मुलीला अंधेरीच्या महाविद्यालयाची निवड प्रथमच सहज शक्य झाली, ही गोष्ट माझ्या मते अधिक महत्त्वाची. पूर्वी तिला दादरला वळसा घालावा लागे किंवा बसमध्ये ताटकळावे लागे, आणि त्या वळशात कित्येकींची निवड संपत असे. चांगली वाहतूक हा शिक्षणाचाच खर्च आहे, हे आपल्या नियोजनकारांना सुचत नाही.

मात्र सुरक्षिततेच्या नावाखाली मुलीला घरी ठेवण्यात दुसराही एक स्वार्थ दडलेला असतो आणि तो सांगितलाच पाहिजे. घराजवळ शिकणारा मुलगा महाविद्यालयातून परतून आयते जेवतो. घराजवळ शिकणारी मुलगी पुष्कळ घरांत परतल्यावर स्वयंपाकघरात शिरते, आजीचे औषधपाणी पाहते, धाकट्या भावाचा अभ्यास घेते. तिच्या बाबतीत वाचलेले प्रवासाचे तास तिच्या पदरात पडतच नाहीत. अशा मुलीला वसतिगृहात मिळणारी गोष्ट म्हणजे स्वतःचा वेळ. दूरच्या विद्यापीठाच्या बाजूने मला सर्वांत वजनदार वाटणारा युक्तिवाद हाच आहे.

जवळच्या महाविद्यालयांची बाजू मांडताना त्यांच्या दुखण्याकडे डोळेझाक करता येणार नाही. अनुदानित महाविद्यालयांत वर्षानुवर्षे भरती रखडते आणि तासिका तत्त्वावर नेमलेले शिक्षक दोन-तीन ठिकाणी धावून वर्ग घेतात. ज्याला स्वतःची नोकरी पुढच्या सत्रात राहील की नाही हे माहीत नाही, त्याने विद्यार्थ्याला संशोधनाची गोडी लावावी अशी अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा आहे. पालक म्हणतात, जवळच्या महाविद्यालयात शिकवतच नाहीत. शिक्षक म्हणतात, विद्यार्थी येतच नाहीत, ते शिकवणीवर्गात असतात. दोघांचेही म्हणणे अंशतः खरे आहे, आणि दरवर्षी त्याचा लाभ दूरच्या जाहिरातदारांना होतो. स्वायत्ततेमुळे यात थोडा फरक पडू लागला आहे. मुंबईत सेंट झेवियर्सने २०१० मध्ये ती घेतली, पुढे रुईया, मिठीबाई, वझे-केळकर अशा अनेकांनी. अभ्यासक्रम व परीक्षा यांची सूत्रे महाविद्यालयाकडे आल्याने एकाच विद्यापीठाच्या दोन पदव्यांत आता खरेच अंतर पडू शकते. तेव्हा स्वायत्त महाविद्यालयात नाव घालताना पालकांनी अभ्यासमंडळात कोण आहे आणि कायम शिक्षक किती आहेत, हे विचारण्याचा हक्क बजावला पाहिजे.

विद्यापीठाच्या कारभाराचे दुखणे तर याहून गंभीर. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा तयारीवाचून अमलात आला, निकाल रखडले, कुलपतींनी घातलेल्या मुदती टळल्या, आणि अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या वर्षी सर्वांत अधिक नुकसान झाले ते कोणाचे? पदवी घराजवळ घेऊन पदव्युत्तर शिक्षणासाठी दूर जाण्याचा शहाणपणाचा बेत ज्यांनी केला होता त्यांचे. परगावच्या आणि परदेशच्या संस्थांना गुणपत्रिका वेळेवर हवी होती आणि ती मिळत नव्हती. घरालगतच्या विद्यापीठाने निकालाची तारीख पाळली नाही, तर त्याच्याच विद्यार्थ्याला पुढचे दार बंद होते.

आणि आता दूरचे विद्यापीठच जवळ येऊ घातले आहे. २०२५ च्या जूनमध्ये यॉर्क, ॲबर्डीन आदी पाच परदेशी विद्यापीठांना मुंबई व नवी मुंबई परिसरात शाखा काढण्यासाठी इरादापत्रे देण्यात आली. येथे राहून परदेशी पदवी, ही कल्पना आकर्षक आहे खरी. परंतु दूर जाण्यातील जे सार, म्हणजे अनोळखी माणसांत राहणे, परकी भाषा कानावर पडणे, स्वतःचे पोट स्वतः सांभाळणे, ते यात नसेल. आणि जवळ राहण्यातील जे सुख, म्हणजे बेताचा खर्च, तेही असेल असे दिसत नाही. उपनगरांतील शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घराला या शाखांचा उपयोग कितपत होणार, याविषयी मला शंका वाटते.

माझ्या मते सर्वसाधारण विषयांची पहिली पदवी उपनगरांतील विद्यार्थ्याने घराजवळ घ्यावी, चांगले महाविद्यालय दोन-चार स्थानके पलीकडे असेल तर तेथे जावे, आणि दूरचा प्रवास पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेवावा. एकविसाव्या वर्षी माणसाला आपण कशासाठी जात आहोत हे समजते, आणि शिष्यवृत्त्याही त्या टप्प्यावर अधिक असतात. ज्यांचा विषय येथे नाही, आणि ज्यांना घरात स्वतःचा वेळ मिळत नाही, त्यांचा मार्ग निराळा. त्यांना आधीच जाऊ द्यावे.

परंतु घराजवळ शिका असे सांगताना ते घर कसे आहे, हेही डोळ्यांपुढे आणावे. बोरिवलीच्या वा मुलुंडच्या एका खोलीत पाच माणसे राहतात, दूरदर्शन संच चालू असतो, रात्री अंथरुणे पडली की दिवा मालवावा लागतो. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला निदान एक टेबल आणि एक दिवा मिळतो. म्हणूनच उपनगरांतील अभ्यासिका परीक्षेच्या दिवसांत भरून वाहतात आणि बाहेर जागेसाठी रांग लागते. महाविद्यालयांची ग्रंथालये मात्र बहुतेक ठिकाणी शेवटच्या तासानंतर लवकरच कुलूपबंद होतात. कारण ती उघडी ठेवायला एक ग्रंथपाल, एक शिपाई आणि विजेचे बिल लागते, आणि ते कोणी द्यायचे यावर संस्था सरकारकडे बोट दाखवते व सरकार संस्थेकडे. प्रवेशाच्या वेळी शुल्क किती आणि गुणांची मर्यादा किती, हे पालक विचारतातच. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते, हेही यंदा विचारावे.